चार बोटं रेती

पेणच्या रामवाडीतल्या आमच्या ऑफिसात एसी एकच होता आणि तो कॉम्प्युटरसाठी होता. मालक बाहेरच्या खोलीत पंख्याखाली घाम पुसत बसायचे आणि यंत्र आतल्या खोलीत गारव्याला. मे महिन्यात मात्र दुपारी ते "जरा आकडे बघतो" म्हणून आत यायचे आणि दहा मिनिटांत खुर्चीतच घोरायला लागायचे. आत येताना सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या, असा नियम होता. मी चपला घालूनच जायचे. यंत्र माझं होतं, निदान मला तसं वाटायचं, आणि वाटलेलं लपवून ठेवायचा माझा स्वभाव नाही.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, वर संध्याकाळच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकलेली. आमच्या घरात सगळे शिक्षक. चूक दिसली की लाल रेघ ओढायची, हे आमच्या रक्तातच. बांधकामाच्या धंद्यात मुलगी काय करणार, असं नातेवाईक म्हणायचे, तेव्हा मी त्यांना सांगायचे की विटा उचलायला नाही चालले, विटा मोजायला चाललेय.

मालक ठेकेदार होते. पेणमध्ये त्यांच्या दोन-तीन इमारती चालू होत्या आणि रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कामगारांसाठी घरं बांधायचं मोठं काम त्यांना मिळालं होतं. ते त्यांनी फार कमी दरात घेतलं होतं. सिमेंट, लोखंड, खडी, रेती यांतलं काहीही थोडं जरी जास्त लागलं, तरी नफा गेला खाडीत, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून खर्च दर आठवड्याला कळला पाहिजे आणि एकदा लिहिलेला आकडा कोणाला बदलता येता कामा नये, या दोन कामांसाठी कॉम्प्युटर आला. दुसऱ्या कामाचा त्यांनी ध्यासच घेतला होता. पूर्वी एका साइटवर कोणीतरी रजिस्टरातला आकडा ब्लेडने खरवडून त्यावर नवा लिहिला होता. ते कोणी केलं, हे शेवटपर्यंत सापडलं नाही, आणि तेव्हापासून मालकांना प्रत्येक माणसाच्या खिशात ब्लेड दिसायचं.

मी त्यांना तक्ता करून दिला. साइटवरून आलेला आकडा एकदा भरला की बाकीचं गणित यंत्र आपोआप करणार. गणिताचे सगळे रकाने कुलूपबंद. पासवर्ड फक्त मालकांना आणि मला माहीत. दर शनिवारी दोन फ्लॉप्यांवर नक्कल काढायची, एक मालकांच्या तिजोरीत, दुसरी माझ्या घरी कपाटात साड्यांच्या खाली. मालक खूश झाले. आता ब्रह्मदेव आला तरी आकडा हलणार नाही, असं ते येईल त्या माणसाला सांगायचे, आणि मी नम्रपणे मान खाली घालून ते पुन्हा पुन्हा ऐकायचे.

माझ्याआधी हिशेब एक म्हातारे मुनीमजी बघायचे. डोळ्यांनी दिसेनासं झालं म्हणून ते मुलाकडे नाशिकला निघाले होते. जाण्यापूर्वी आठवडाभर बसून त्यांनी मला सगळं समजावून दिलं. त्यात एक गोष्ट वजावटीची होती. खडी किंवा ओली रेती गाडीत भरून येते तेव्हा फुगलेली असते. खाली ओतली, दोन दिवस गेले की बसते. म्हणून गाडीत जेवढं माप दिसतं त्यातून ठरलेला हिस्सा वजा करायचा आणि उरलेल्याचेच पैसे पुरवठादाराला द्यायचे, ही बांधकामातली जुनी रीत. माझ्या पुस्तकातही तीच होती. मुनीमजींच्या वह्यांत पेणच्या साइटवरच्या मापातून ही वजावट केलेली होती. रोह्याच्या मापातून मात्र केलेली नव्हती. आलेला आकडा तसाच पुढे उतरवलेला.

मी विचारलं, हे असं का? मुनीमजी म्हणाले, "रोह्याच्या स्टोअरकीपरचं माप आलं तसं घ्यायचं. त्याला हात लावायचा नाही. तो माणूस तसा आहे."

मला हे मुळीच पटलं नाही. माणूस तसा आहे म्हणजे कसा? एका धंद्यात दोन रीती कशा चालतील? मुनीमजींचा त्या स्टोअरकीपरवर जीव आहे, म्हणून त्याला सूट दिली आहे, असा मी अर्थ लावला आणि मनातल्या मनात लाल रेघ ओढली. मुनीमजी नाशिकला गेल्यावर सगळ्या साइटना एकच सूत्र लावलं. माप आलं की वजावट, आणि त्यावर कुलूप. रोह्याला जाऊन त्या स्टोअरकीपरला एक शब्द विचारावा, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल माझाच.

रोह्याचे स्टोअरकीपर म्हणजे पन्नाशी ओलांडलेले एक काका. गडबच्या पुढे खाडीच्या कडेला त्यांचं गाव. घरची थोडी भातशेती, आणि पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर काम. मालकांकडे ते पंधराएक वर्षं होते. गावात त्यांना वेगळाच मान होता. भावाभावांत भाताची रास वाटायची असो की मिठागरावर मजुरांच्या हिश्श्याचं मीठ मोजायचं असो, दोन्ही बाजू यांनाच बोलवायच्या. ते मोजणार म्हटल्यावर भांडण नाही. जुन्या काळी गावचा मापारी असायचा, तसे ते बिनपगारी मापारी होते. हे सगळं ऑफिसातले लोक मला कौतुकाने सांगायचे.

दर शनिवारी ते रोह्याहून एसटीने यायचे. वाटेत नागोठणं, मग त्यांचं स्वतःचं गाव मागे पडायचं, वडखळ, आणि शेवटी पेण. मला आठवड्याचा कागद द्यायचा आणि पुन्हा उलट घरी जायचं, एवढ्यासाठी ती सगळी खटपट. त्या कागदावर फक्त आठवड्याची बेरीज असायची. गाडीगाडीचं रजिस्टर साइटवरच राहायचं आणि महिन्यातून एकदा मी ते मागवून घेऊन भरायचे. एसीत आले की ते खांद्यावरचा टॉवेल अंगाभोवती गुंडाळून घ्यायचे आणि म्हणायचे की बाय, तुझी मशीन एक दिवस थंडीनेच मरायची. मला हसू यायचं. तो माणूस मला आवडायचा, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे मी जे केलं ते न आवडणाऱ्या माणसाशी केलं असतं तर समजण्यासारखं तरी होतं.

तीन महिने झाले आणि तक्त्यात तूट दिसायला लागली. पुरवठादाराच्या चलनांवर वजावट करूनच माप लिहिलेलं असायचं. त्या चलनांप्रमाणे जेवढी रेती आणि खडी रोह्याला पोचायला हवी होती, त्यापेक्षा स्टोअरमध्ये कमी जमा होत होती. फार नाही, पण दर आठवड्याला, न चुकता. पेणच्या साइटवर असं काही नव्हतं. मी तीन वेळा आकडे तपासले. भरताना माझी चूक नव्हती. मग मी तो कागद छापून काढला, तुटीच्या रकान्याखाली पट्टीने रेघ ओढली आणि मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. खरं सांगायचं तर तेव्हा मला आनंद झाला होता. वर्षानुवर्षं कोणाला न दिसलेली गोष्ट माझ्या यंत्राने पकडली होती.

मालकांनी पुरवठादाराला बोलावलं. तो म्हणाला, माझ्या प्रत्येक चलनावर तुमच्या माणसाची सही आहे, गाडी पुरी आली म्हणून. आता तुमच्या माणसाने माल परस्पर कोणाला विकला असेल तर मी काय करू? तरी पुढचं काम हातचं जाऊ नये म्हणून त्याने बिलातून काही रक्कम सोडून दिली. म्हणजे त्यानेही तूट मान्य केली, असाच सगळ्यांनी अर्थ घेतला.

शिमग्याच्या आधीच्या शनिवारी काका नेहमीसारखे आले, चपला बाहेर काढून आत आले आणि टॉवेल गुंडाळून बसले. मालक मागोमाग आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मला म्हणाले, दाखव यांना. मी पडद्यावर तो रकाना आणला. मालकांनी विचारलं, ही रेती कुठे गेली?

काका पडद्याकडे बघत राहिले. त्यांना अक्षरं वाचता यायची, पण तो तक्ता म्हणजे नुसती मुंग्यांची रांग. ते म्हणाले, जेवढी आली तेवढी लिहिली. मालकांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनी तेच उत्तर पुन्हा दिलं. आवाज चढला नाही, की त्यांनी कोणा देवाची शपथ घेतली नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"बाय, येक गाडी तरी उघडून दाखव. कंच्या गाडीला कमी आला ता मना समजू दे."

एक गाडी उघडून दाखवणं अवघड नव्हतं. मागच्या महिन्याचं रजिस्टर तिथेच मांडणीत होतं. त्यातली एक गाडी, तिचं चलन आणि माझं सूत्र शेजारी शेजारी ठेवायला दहा मिनिटं लागली असती. त्यांनी स्वतःचं माप ओळखलं असतं आणि त्यातून पुन्हा काय वजा होतंय ते तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण सूत्र दाखवायचं तर कुलूप काढावं लागलं असतं, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याच्यासमोर कुलूप काढायचं नाही, हा नियम मीच केला होता. शिवाय मला राग आला होता. माझ्या कामावर शंका घेतली म्हणून आला होता, दुसरं काही नाही. मी म्हटलं, "तसं उघडता येत नाही. आकडे बंद आहेत."

मालक 'बंद' या शब्दावर खूश होऊन मान हलवत राहिले. काकांनी थोडा वेळ आपल्या हाताच्या बोटांकडे बघितलं. मग उठले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि स्टोअरच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मालकांनी पोलिसात जाणार नाही एवढं सांगितलं, ते उपकार केल्यासारखं. काका ते ऐकून बाहेर गेले. दार उघडं राहिलं आणि एसीचा गारवा बाहेर जातोय म्हणून ते मीच उठून लावलं.

त्यांच्या जागी एक बी.कॉम. झालेला तरुण स्टोअरकीपर आला, आणि पहिल्याच आठवड्यापासून तूट बंद झाली. दुसऱ्या आठवड्यातही काही नाही, तिसऱ्यातही नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, मालक म्हणाले, चोर गेला आणि चोरी थांबली. माझा पगार वाढला. रोह्याच्या कारखान्याचे साहेब लोक ऑफिसात आले तेव्हा मालकांनी त्यांना माझी ही गोष्ट रंगवून सांगितली, आणि मी त्यांना पासवर्ड, फ्लॉप्या, कुलूपबंद रकाने असं सगळं समजावून दिलं. त्या दिवशी मी घरी गेले ती हवेतच.

पावसाळा गेला. दसऱ्यानंतर रोह्याच्या कामाचा पहिला टप्पा संपला आणि शिल्लक माल मोजायला मालकांनी मला पहिल्यांदाच तिकडे पाठवलं. जवळजवळ वर्षभर मी त्या साइटची रेती मोजत होते आणि तिथली रेती मी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. मी पोचले तेव्हा नुकतीच एक गाडी आली होती. रेतीतून पाणी गळत होतं. नव्या स्टोअरकीपरने लोखंडी सळई रेतीत पार तळापर्यंत खोचली, वर ओढली, ओल जिथवर लागली होती तिथवर टेप लावला आणि आकडा वहीत लिहिला.

शेजारी रेती चाळणारी एक वयस्कर बाई बसली होती. ती हसून मला म्हणाली की हा पोरगा बरा, गाडीवाले याच्यावर खूश आहेत. मी सहज विचारलं, का? तर ती म्हणाली की आधीचा म्हातारा लई खडूस होता. सळई वर काढली की ओलीच्या खुणेवर चार बोटं आडवी धरायचा, तेवढं सोडून द्यायचा आणि मग खालचं माप लिहायचा. गाडीवाले भांडायचे, शिव्या द्यायचे, तरी चार बोटं सोडल्याशिवाय लिहायचा नाही. ओलं मीठ आणि ओली रेती दिसते तेवढी नसते, असं सांगायचा. मिठागरावर म्हणे त्याच्या बापाचीही अशीच रीत होती.

मी तिला पुन्हा विचारलं. प्रत्येक गाडीला? ती म्हणाली, प्रत्येक गाडीला, खडीच्याही.

काकांच्या मापात वजावट आधीच झालेली होती. ते बसलेल्या रेतीचंच माप लिहीत होते, आणि म्हणून मुनीमजी त्याला हात लावत नव्हते. मी त्यातून पुन्हा वजावट केली. एकाच गाडीतून दोनदा. आणि नवा माणूस सगळंच्या सगळं माप लिहीत होता, त्यातून एकदाच वजा व्हायचं, म्हणून त्याचा हिशेब चोख. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात. इथे तर चोरच नव्हता. आम्ही तो सूत्रात तयार केला होता आणि वर कुलूप लावलं होतं.

परत पेणला येईपर्यंत मी मनात धरून चालले होते की अजून चूक निघेल, त्या बाईचं काहीतरी चुकलं असेल. निघाली नाही. कॉम्प्युटरवर बसून काकांच्या सगळ्या आठवड्यांतून माझी वजावट काढून टाकली, आणि तूट उरली नाही. उरलं ते इतकं थोडं, की त्याला चलनाचा कागद ओला होऊन एखादा आकडा फिसकटला असेल एवढंच म्हणता आलं असतं.

मी मालकांना सांगितलं. वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. ते शांतपणे ऐकत राहिले, मग म्हणाले की पुरवठादाराने तुटीचे पैसे कधीच सोडून दिलेत, आता ही तूटच नव्हती असं त्याला कोणत्या तोंडाने सांगू? कारखान्याच्या साहेबांना काय सांगू? मी म्हटलं, काकांना तरी सांगा. त्यावर ते म्हणाले, "जुनं कशाला उकरतेस? तो आता येणारही नाही." मी आवाज चढवला. त्यांनी चढवला नाही. दुसऱ्या दिवशी मी तक्ता उघडायला गेले तर माझा पासवर्ड चालेना. मालकांनी क्लासच्या मास्तरांना बोलावून तो बदलून घेतला होता. आकडा सुरक्षित राहिला पाहिजे, एवढंच ते म्हणाले.

पण साड्यांखालची फ्लॉपी माझ्याकडे होती. क्लासमध्ये जाऊन मी ती जुन्या पासवर्डने उघडली, काकांची एकेक गाडी वेगळी काढली, प्रत्येकीपुढे चलनाचं माप, त्यांचं माप आणि खरा फरक, असे तीन रकाने केले आणि सगळं छापून घेतलं. प्रिंटरचा तो लांबच लांब घड्यांचा कागद पिशवीत घातला. मग एका रविवारी गडबच्या पुढे एसटीतून उतरले आणि बांधाबांधाने चालत त्यांचं गाव शोधत गेले.

जाताना मी मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं. गावाने त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं असणार. मापाला दुसऱ्याला बोलावत असणार. मी चार माणसांत उभी राहून कागद दाखवीन, चूक माझी होती म्हणून सांगेन, माफी मागेन. भीती वाटत होती, पण त्या भीतीतही मला स्वतःचं थोडं कौतुक वाटत होतं, हेही कबूल केलं पाहिजे.

भाताच्या झोडणीचे दिवस होते. गावाबाहेरच्या खळ्यावर एक रास तयार होती आणि भोवती माणसं उभी होती. काका जरा लांब, बांधावर बसले होते. मला बघून उठले. अंगणात बसू, असं म्हणाले, पण मी ऐकलं नाही. सरळ खळ्यावर जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना सांगून टाकलं की ऑफिसात जे झालं ती माझी चूक होती, यांनी कधी मूठभर रेतीही खाल्ली नाही.

माणसांनी माझ्याकडे नवलाने बघितलं. रास ज्यांची होती त्या दोन भावांपैकी थोरला म्हणाला, "ता आमाला म्हायत हाय, बाय. आमी कुठं बोललो तो चोर हाय? आमी त येवढ्यात दोनदा बोलावला त्याला मापाला. तोच येत नाय."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी नजर खाली वळवली. मग आम्ही दोघं बांधावर जाऊन बसलो. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि ती परत गेली. मी विचारलं, का जात नाही?

ते सावकाश सांगायला लागले. त्या दिवशी पेणहून घरी येताना एसटीत त्यांनी खूप विचार केला. मालक रागावले असतील, पण मालक काही मुद्दाम खोटं करणारा माणूस नव्हे. ती शिकलेली पोरगी तर नव्हेच. आणि मशीन कशाला खोटं बोलेल, तिचं काय अडलंय? मग चुकलं कोणाचं? मग त्यांना वाटायला लागलं की आपलीच बोटं चुकत असणार. बापाने शिकवलेली चार बोटं. आपला हात बापाच्या हातापेक्षा मोठा असेल, आपण जास्त धरत असू. आणि तसं असेल तर इतकी वर्षं ज्यांची ज्यांची रास मोजली, ज्या मजुरांचा मिठाचा हिस्सा मोजला, त्या सगळ्यांना आपण कमी दिलं. काही माणसं आता जगातही नाहीत. त्यांच्या घरी जाऊन काय सांगणार? म्हणून त्यांनी मोजणंच सोडून दिलं.

मला रडू आलं. मी ते आवरलं नाही. पिशवीतून कागद काढला, बांधावर पसरला आणि एकेका गाडीवर बोट ठेवून त्यांना सांगायला लागले. ही गाडी, हे तुमचं माप, हे चलनाचं, बघा, बरोबर आहे. ही दुसरी, हीपण बरोबर. तुमच्या बोटांत काही चूक नव्हती, चूक मी घातलेल्या सूत्रात होती. वारा होता, म्हणून कागदाच्या टोकांवर त्यांनी दोन ढेकळं ठेवली आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी शेवटच्या गाडीपर्यंत वाचलं.

त्यांनी कागदावरून हात फिरवला. मग विचारलं, "त्या दिशी दाखवलास ता पन ह्याच मशीनचा व्हता ना?"

मी म्हटलं, हो.

"तवा मशीन बोलली कमी हाय. आता बोलते बरूबर हाय. मंग मी कंचा खरा मानू, बाय?"

मी म्हटलं, हा खरा, मी सांगतेय ना. त्यांनी मान हलवली, मला वाईट वाटू नये म्हणून हलवतात तशी. तेव्हाही मीच सांगितलं होतं, आणि ते त्यांनी खरं मानलं होतं.

खळ्यावरून धाकटा भाऊ आला. काका, चला आता, ऊन चढतंय, तुम्ही आल्याशिवाय रास हलणार नाही, असं म्हणाला. काकांनी त्याच्याकडे न बघता आपला उजवा हात टॉवेलखाली घेतला आणि म्हणाले, "नाय रे. दुसऱ्याला बोलव." तो परत गेला. मी कागदाची घडी घालायला लागले, पण ती काही केल्या नीट बसेना, तेव्हा तो तसाच पिशवीत कोंबला.